खोकलीची मुळं

"सिसिलिया, अगं बाहेर ये! इनासच्या कबरीवर मांजरं लोळतायत!"

ब्रिजितमावशी कुंपणापलीकडून ओरडली तेव्हा आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पप्पांना जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. आईनं हातातली शेंग सुपात टाकली, माझ्याकडे बघितलं आणि चपला शोधायला लागली.

"मावशी, मांजरं कुठंही लोळतात," मी म्हटलं.

"अशी नाही लोळत. येऊन बघ तरी."

आमची आळी वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, आळीच्या टोकाला, आणि देवळामागे सिमेट्री. पाऊस नुकता सरला होता, त्यामुळे तिथं गुडघाभर गवत होतं. पप्पांची कबर भिंतीजवळ होती, मातीचा ढिगारा अजून खचलेला नव्हता, फुलांचे हार काळे पडले होते. आणि त्या ढिगाऱ्यावर खरंच मांजरं होती. एक पिवळा बोका पाठीवर पडून, चारही पाय वर करून, दारूड्यासारखा इकडून तिकडे झुलत होता. एक करडी मांजर मातीत गाल घासत होती, तिच्या तोंडातून लाळ गळत होती. दोन पांढरी-काळी मांजरं पुढच्या पायांनी माती उकरत होती आणि मध्येच उड्या मारत होती. भोवती सात-आठ माणसं तोंडाला हात लावून उभी होती.

"इनास मांजरांना उभं करायचा नाही," कोणीतरी म्हणालं. ते खरं होतं. पप्पा अंगणात बोंबील वाळत घालायचे आणि मांजर दिसलं की खराटा घेऊन धावायचे.

"म्हणून तर नाचतायत."

"नाचत नाहीत गं. त्याचा जीव अडकलाय कुठंतरी. मांजरांना ते कळतं."

"अडकणारच. सख्खा भाऊ मातीला आला नाही."

ते वाक्य कोण बोललं ते मी बघितलं नाही, कारण मी आईकडे बघत होते. ती पुढं झाली, वाकली, पिवळ्या बोक्याला हातानं बाजूला सारलं. बोका तिच्याच हातावर गाल घासायला लागला. आईनं हात मागं घेतला आणि पदरानं पुसला. पप्पा गेल्यापासून ती रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही. फक्त तिचा चेहरा एवढासा झाला.

मी तेव्हा वसईच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. लग्न झालं नव्हतं, घरात आम्ही तिघंच, आता दोघी. मांजरं जिथं उकरत होती तिथं मी खाली बसले. मातीत बारीक पांढरट मुळं दिसत होती, काही तुटलेली, काही अजून खोडाला लागलेली. एक ओढून काढलं. पानं सुकली होती तरी ओळखू आली. कडांना दातेरी, देठ लांब, आणि देठाच्या बगलेत कपासारखी हिरवी फुलं. आमच्याकडे तिला खोकली म्हणतात. लहानपणी खोकला झाला की आई तिच्या पाल्याचा रस मधातून द्यायची. सिमेट्रीत त्या वर्षी तिचं रानच माजलं होतं, आणि कबर खणणाऱ्यांनी ती सगळी मुळांसकट मातीत मिसळून वर लोटली होती.

मी ते रोप मुठीत धरून घरी आणलं. येईपर्यंत करडी मांजर माझ्या मागे मागे येत होती.

घरी पोचल्यावर मी आईला ओटीवर बसवलं. "आता बघ," म्हटलं. ब्रिजितमावशीच्या दोन मांजरी होत्या, एक सोनेरी आणि एक पांढरी, एकाच वेताच्या नव्हेत. मी मूळ दगडावर थोडं ठेचलं आणि पायरीवर टाकलं. सोनेरी मांजर आली, हुंगलं, डोकं झटकलं, पुन्हा हुंगलं, आणि धाडकन कुशीवर पडली. लोळते काय, मुळाला मिठी मारून मागच्या पायांनी लाथा काय झाडते. पांढरी मांजर आली, हुंगलं, आणि निघून जाऊन पाय चाटत बसली.

"हिला काहीच नाही?" आईनं विचारलं. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

"सगळ्यांना होत नाही. ते आईबापांकडून येतं. ज्यांच्यात येतं त्यांनाच हा वास चढतो. बाकीच्यांना तो नुसता पाल्याचा वास. पिल्लांनाही काही होत नाही, मोठी झाल्यावर होतं."

"वास? खातात म्हणून नाही?"

"नाही. नाकानं. चघळतात ते मूळ फुटून वास जास्त यावा म्हणून. बाहेरच्या देशांत पुदिन्याच्या जातीचं एक झुडूप असतं, कॅटनिप म्हणतात, त्यानंही असंच होतं. वाघ-बिबट्यांनासुद्धा होतं म्हणे."

"पण का होतं?"

त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. अलीकडे वाचलं, की हा वास अंगाला फासला की डास कमी चावतात, म्हणून मांजरांच्या रक्तात हे लोळणं उतरलं असावं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आवडतं त्यांना. गुंगी येते, बरं वाटतं. थोड्या वेळानं उतरतं."

खरंच, सोनेरी मांजर आता उठून बसली होती आणि काहीच झालं नाही अशा तोऱ्यात अंग झटकत होती. मी मूळ पुन्हा तिच्या नाकाशी नेलं. तिनं ढुंकून पाहिलं नाही.

"आता तासभर तिला काही वाटणार नाही," मी म्हटलं. "मग पुन्हा."

आई मुळाकडे बघत राहिली. "वास किती दिवस राहतो?"

"मूळ ओलं आहे तोवर. चार-पाच दिवस. मग सुकलं की संपलं. तू काळजी करू नको. पप्पांचा जीव वगैरे काही अडकलेला नाही. मी सांगते सगळ्यांना."

"चार दिवसांत आपोआप थांबणार आहे ना?"

"हो."

"मग कशाला सांगतेस," आई म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पास्कूकाका सिमेट्रीत आले.

पास्कूकाका पप्पांचे धाकटे भाऊ. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये फक्त एक केळीची बाग होती, पण मी शाळेत असल्यापासून आमचं जाणंयेणं बंद होतं. कारण आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. आजी वारली तेव्हा काका जहाजावर होते. ऐन मे महिना. पप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला माती दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी काका बॅग घेऊन दारात उभे राहिले. त्यांचं जहाज मुंबईला लागलं होतं. "दोन दिवस थांबता आलं नाही तुला? आईचं तोंड बघू दिलं नाहीस," असं ते अंगणात ओरडले होते. पप्पा म्हणाले होते, "मी ठरवलं." तेवढंच. नंतर काकांनी जहाज सोडलं, बाग केली, बायको गेल्यावर एकटे राहिले, पण आमच्या अंगणात पाय ठेवला नाही. पप्पांच्या मातीलाही आले नाहीत. त्यांचं वाक्य आमच्या कानावर आलं होतं: त्यानं मला आईचं तोंड दाखवलं नाही, मीही त्याचं बघणार नाही.

तर ते आले आणि भिंतीबाहेर उभे राहिले. उंच माणूस, पांढरे केस बारीक कापलेले, हात मागे बांधलेले. कबरीवर करडी मांजर आणि बोका होता. आम्ही दोघी मेणबत्ती लावायला गेलो होतो. सोबत आलेली ब्रिजितमावशी कुजबुजली, "बघ, आला. इनासनं ओढून आणला त्याला." काका थोडा वेळ बघत राहिले, मग आमच्याकडे मान न वळवता निघून गेले.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. आधी भिंतीबाहेर, मग फाटकात, मग आत, चिंचेखाली. आई रोज संध्याकाळी कबरीपाशी चटई टाकून बसायची आणि माळ जपायची. काका चिंचेखाली उभे. दोघांमध्ये पंधरा-वीस कबरी. बोलणं नाही.

चार दिवस झाले. पाच झाले. आठ झाले. मांजरं थांबेनात.

मला ते खटकायला लागलं. रात्री दव पडत होतं, माती ओली राहत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तुटलेलं मूळ इतके दिवस वास धरत नाही. तिकडे आळीत गोष्ट वाढतच चालली होती. कोणी बांगड्याची डोकी आणून कबरीवर ठेवू लागलं. शेजारच्या गावातून बायका यायला लागल्या. एकीनं नवस बोलला. पप्पांना हे कळलं असतं तर त्यांनी कबरीतून उठून खराटा घेतला असता.

फादर मार्शल यांनी मला कॉलेजहून येताना देवळाच्या दारात थांबवलं.

"रेजिना, तू शिकलेली आहेस. हे काय चाललंय?"

मी त्यांना खोकलीचं सगळं सांगितलं. ते मनापासून हसले.

"मग सांगत का नाहीस? परवा रविवारी आपण सिमेट्री साफ करतोय, मृतांचा दिवस आलाय ना. गवत काढू, तुझ्या पप्पांच्या कबरीवरची वरची माती काढून रेती टाकू. त्याआधी देवळातली मिस्साची प्रार्थना झाल्यावर तू सगळ्यांना ते रोप दाखव. दोन मिनिटं बोल. नाहीतर हे लोक रेती टाकू देणार नाहीत मला."

"बोलते," मी म्हटलं. मला खरंच सुटल्यासारखं वाटलं.

घरी आले तर आई नव्हती. मागच्या अंगणात विहिरीजवळ खुरपं आणि पाटी दिसेना. मी सिमेट्रीकडे निघाले. ऊन अजून होतं, लोक यायची वेळ झाली नव्हती. आई कबरीपाशी एकटी उकिडवी बसली होती. पाटीत खोकलीची रोपं होती, ताजी, मुळांना ओली काळी माती लागलेली. आमच्याच विहिरीकडची. ती मुळं दगडानं ठेचत होती आणि एकेक करून ढिगाऱ्यात खुपसत होती.

"आई!"

ती दचकली नाही. राहिलेली मुळं आधी पुरून झाली, वरून माती थापली, मग उठली. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश.

"बरं झालं आलीस. पाटी घे."

"तू करतेस हे सगळं? रोज?"

"रोज नाही. एक दिवसाआड."

"अगं पण लोक नवस बोलायला लागलेत! तुला माहितेय ना खरं काय ते? मीच सांगितलं ना तुला?"

"माहीत आहे म्हणूनच करते." तिनं हात झाडले. "पास्कू येतोय ना?"

"त्याचा काय संबंध?"

"मांजरं आहेत तोवर येईल तो. नाही तर कशाला येईल? आपल्या घरी यायचा नाही, मी त्याच्या दारात गेले तर दार लावून घेईल. एकदा गेले होते, लावून घेतलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. "कधी?"

"तुझे पप्पा आजारी होते तेव्हा."

आम्ही फाटकाकडे चालायला लागलो. मी विचारलं, "तुला त्यांच्याशी बोलायचंय?"

"हं."

"काय?"

"ते मी त्यालाच सांगेन."

"मग बोल ना! रोज समोर उभे असतात."

आई थांबली. "रोज बोलायचं म्हणूनच जाते, रेजी. माळ संपते, तोंड उघडत नाही. मग वाटतं उद्या."

मी तिला फादरांचं सांगितलं. रविवार, रेती, दोन मिनिटांचं भाषण. ती ऐकत होती. "म्हणजे उद्याचा एकच दिवस," ती म्हणाली.

"मी नाही म्हणून सांगू का फादरांना?"

"नको. तू खरं ते सांग. खोट्याला तू कशाला हातभार लावायचा?" आणि थोडं चालून गेल्यावर, "उद्या बोलते मी."

पण दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. रोज ओल्या मातीत बसून आणखी काय होणार होतं. सकाळी उठली, चूल पेटवली आणि भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टर आले, गोळ्या दिल्या, झोपून राहायला सांगितलं. दुपारी तिला थोडी ग्लानी आली. जागी झाली तेव्हा पहिलं विचारलं, "किती वाजले?"

"झोप गं."

"रेजी, संध्याकाळी तू जा."

"मी जाऊन काय करू?"

"मुळं पूर. काल थोडीच होती, ठेचलेली, या उन्हात गेली असतील वाळून. मांजरं आली नाहीत तर तो परत जाईल. तू त्याला थांबवून ठेव. म्हण, आईनं..." तिला खोकला आला. पुढचं तिला सुचलं नाही.

मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक, उद्या सकाळी देवळासमोर उभी राहून हे भूत उतरवणार होते, आणि आज माझ्या बापाच्या कबरीत मुळं पुरायला निघाले होते. विहिरीमागे जाऊन मी खोकलीची रोपं उपटली. तिथं आता फार उरली नव्हती. पाटी पदराखाली घेतली, कारण वाटेत विद्यार्थी भेटायचे.

फाटकातून आत शिरले आणि थबकले. पास्कूकाका चिंचेखाली नव्हते. पप्पांच्या कबरीपाशी गुडघे टेकून बसले होते. पाठमोरे. मला वाटलं प्रार्थना करतायत. जवळ गेले तेव्हा दिसलं की त्यांच्या उजव्या हातात खुरपं होतं आणि बाजूला वर्तमानपत्रावर खोकलीची मुळं पसरली होती, नीट धुतलेली. ते एकेक मूळ घेऊन मातीत लावत होते, वाफ्यात मिरचीचं रोप लावावं तसं.

माझ्या पावलाचा आवाज झाला. त्यांनी वळून बघितलं. त्यांचं लक्ष आधी माझ्याकडे गेलं, मग पदराखालून डोकावणाऱ्या पाटीकडे. मला हसूही येईना आणि काही विचारताही येईना.

शेवटी तेच म्हणाले, "धुवून लावली तर वास कमी येतो का?"

"थोडा कमी येतो," मी म्हटलं.

"हं." त्यांनी पुढचं मूळ न पुसता लावलं. मग म्हणाले, "वहिनी आज आली नाही."

"ताप आहे."

खुरपं थांबलं. "जास्त?"

"डॉक्टर येऊन गेले. झोपलीय." मी त्यांच्या शेजारी खाली बसले. इतक्या जवळून मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. हनुवटी अगदी पप्पांची होती. "काका, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी मला खरंच वाटलं, इनास बोलावतोय. मांजरांना काय कमी मारलंय त्यानं! मांजरांऐवजी दुसरं काही पाठवलं असतं तर मी मानलं नसतं." ते किंचित हसले. "मग एका दुपारी लवकर आलो. तुझी आई पुरताना दिसली. भिंतीआड थांबलो. ती गेल्यावर उकरून एक मूळ घरी नेलं. माझी मांजर येडी झाली. खाटेखाली किती वेळ त्याला धरून बसली."

"आणि तरी येत राहिलात?"

पिवळा बोका भिंतीवर येऊन बसला होता आणि आमच्याकडे बघत होता.

"मांजरं थांबली असती तर मी काय सांगून आलो असतो, रेजी?" ते म्हणाले. "इतकी वर्षं येणार नाही म्हणून बसलेला माणूस. लोकांना सांगायला काहीतरी पाहिजे. स्वतःलाही पाहिजे."

मी पाटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यातली मुळं आम्ही पुरली नाहीत. तशीच राहू दिली. बोका उतरला आणि पाटीतच जाऊन पडला.

"आईला तुमच्याशी बोलायचंय," मी म्हटलं. "घरी चला."

"ती बोलली तसं?"

"हो."

काका उठले. गुडघ्यावरची माती झाडली. पुन्हा झाडली. मग म्हणाले, "हो पुढं. खुरपं ठेवून येतो घरी." मला वाटलं आता येणार नाहीत. पण मी केळीच्या बागेपाशी पोचले तेव्हा मागून त्यांची पावलं ऐकू आली. खुरपं हातातच होतं.

रविवारी मी फादरांना दिलेला शब्द पाळला. रोप दाखवलं, सोनेरी मांजर दाखवली, लोक हसले, काहींना राग आला, आणि रेती पडली. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी काका आमच्या ओटीच्या पायरीपाशी येऊन थांबले. आई खाटेवर शाल पांघरून पडली होती. तिनं त्यांना दारातून बघितलं आणि उठून बसली. केस हातानं नीट केले.

"आत ये, पास्कू."

ते आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहा टाकायला वळले, तर आई म्हणाली, "तू पण थांब." आणि मग श्वास न घेता, पाठ केल्यासारखं बोलली, "तुझ्या आईला ठेवायचं नाही असं मी म्हटलं होतं. इनासनं नाही. मी."

काकांनी खुरपं दुसऱ्या हातात घेतलं.

"इनास बर्फ आणायला निघाला होता. सायकल काढली होती त्यानं. बर्फ म्हणजे बंदरावरचा, मासळीचा. दुसरा कुठला मिळणार होता? मी सायकल धरली. म्हटलं, माझ्या सासूला मी मासळीच्या बर्फावर ठेवणार नाही. तिनं आयुष्यभर अंगाला वास येऊ दिला नाही. तो म्हणाला, पास्कू येईल. मी म्हटलं, त्याचं जहाज कुठं आहे ते कंपनीलाही माहीत नाही, महिना लागेल. तार केली होती, उत्तर नव्हतं. मला खरंच वाटलं महिना लागेल. आणि तू दोन दिवसांनी दारात."

"मग तो का म्हणाला, मी ठरवलं?" काकांनी विचारलं.

"तू ओरडत होतास. तो मध्ये आला. नंतर मी कितीदा म्हटलं, मी जाऊन सांगते. तो म्हणायचा, राहू दे. मी भाऊ आहे, माझ्यावरचा राग उतरेल. तुझ्यावर धरला तर उतरणार नाही." आई थांबली. "तो उतरायची वाट बघत होता, पास्कू. शेवटी शेवटी विचारायचा, पास्कूची बाग कशी आहे, केळी कापली का त्यानं. मी खिडकीतून बघून सांगायची."

काकांनी खुरपं पायाशी ठेवलं. मला वाटलं, आता उठतील. जाणं त्यांच्या हक्काचंच होतं. आईलाही तसंच वाटलं असावं. तिनं शाल घट्ट ओढून घेतली आणि डोळे खाली घातले.

"लुगडं कोणतं नेसवलं होतं आईला?" काकांनी विचारलं.

आईनं वर बघितलं. "लाल चौकड्यांचं. सणाचं. तू पहिल्या पगारातून आणलेलं. आणि वरून पांढरी शाल."

"केस?"

"मी विंचरले. अंबाडा घातला. हातात माळ दिली."

"तोंड कसं होतं?"

"शांत. एका बाजूला थोडं कललेलं होतं, मी उशी सरळ केली."

ते एकेक विचारत गेले. कोणते फादर आले होते. कोणतं गीत म्हटलं. फुलं कुठून आणली. एवढ्या वर्षांत त्यांना हे कोणीच सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कोणालाच बोलू दिलं नव्हतं. आई सांगत होती, आणि तिला सगळं आठवत होतं, कोणाच्या बागेतली अबोली, कोणाच्या घरच्या मेणबत्त्या.

"शवपेटीला पुढं कोण होतं?" काकांनी विचारलं. "एका बाजूला इनास. दुसरी बाजू कोणी धरली? ती माझी होती."

आईनं शाल बाजूला सारली.

"मी धरली," ती म्हणाली. "बायका धरत नाहीत. लोक बोलले. इनास म्हणाला, पास्कूची बाजू आहे, परक्याला नको. देवळापासून कबरीपर्यंत मीच होते."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई खाटेवरून उतरली नाही, तिच्यात ताकद नव्हती. तिनं फक्त हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

मी आत गेले. डब्यातून तांदूळ काढले, रोजच्या सवयीनं दोघींचेच. त्यात आणखी एक मूठ घातली.